मराठवाड्याच्या वाट्याचे आकाश

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियातल्या बाली बेटावर भारत आणि आसियान देशांची शिखर परिषद भरली होती. तिथे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी आग्नेय आशियाच्या विमान कंपन्यांसाठी भारताचे आकाश मोकळे करण्याची तयारी दाखवली. चार महानगरांना रोज एक विमान आणि त्याखेरीज १८ पर्यटनस्थळांना हवी तेवढी विमाने, अशी ती योजना होती. त्या अठरांत गया, वाराणसी, अमृतसर, कोची, तिरुचिरापल्ली, विशाखापट्टणम होते, शेजारचा गोवा होता. महाराष्ट्रातून एकच नाव होते, औरंगाबाद. आजचे छत्रपती संभाजीनगर. पुणे त्या यादीत नव्हते, नागपूर नव्हते.

त्याला वीस वर्षे उलटून गेली. अमृतसरला सिंगापूरहून आणि क्वालालंपूरहून विमाने येतात. तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर अनेक वर्षे देशातल्या प्रवाशांपेक्षा परदेशी ये-जा करणाऱ्यांचीच संख्या मोठी राहिली आहे. गयेला थंडीच्या दिवसांत थायलंड आणि म्यानमारमधून यात्रेकरू थेट उतरतात. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर मात्र आसियानमधल्या एकाही कंपनीची नियमित सेवा कधी सुरू झाली नाही. मुंबई-पुण्याला न मिळालेली सवलत मराठवाड्याला मिळाली होती आणि ती कागदावर राहिली, याचे दुःख करणारा माणूस मला आजवर फारसा भेटलेला नाही. बहुतेकांना ती मिळाली होती हेच ठाऊक नाही.

मी हिंगोलीची. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले. प्रादेशिक व्यापार गट हा धडा दरवर्षी शिकवावा लागे. युरोपीय संघ, आसियान, सार्क अशी नावे फळ्यावर लिहिताना समोर बसलेली मुले सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या खेड्यांतून एसटीने आलेली असत. त्यांना या गटांचा आपल्या जगण्याशी संबंध काय हे सांगताना मी १८ शहरांच्या या यादीचे उदाहरण देत असे. एका मुलाने विचारले होते, "मॅडम, परवानगी आहे तर विमान का येत नाही?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे, कारण वर्गाच्या तासात ते पुरे देता येत नसे.

विमान कुठून कुठे जाईल हे प्रवासी ठरवत नाहीत आणि पुष्कळदा कंपनीही ठरवत नाही. १९४४ साली शिकागोला झालेल्या करारानुसार प्रत्येक देश आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा मालक आहे. परदेशी विमान उतरवायचे तर दोन सरकारांनी बसून ठरवायचे: कोणत्या शहरात, आठवड्यातून किती वेळा, किती जागांचे विमान. आपल्याकडे दुबईबरोबरच्या करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार जागा आहेत. हा आकडा २०१४ पासून तसाच आहे. दरम्यान आखातात कामाला जाणाऱ्यांची गर्दी वाढली, तिकिटे महागली, जागा तेवढ्याच राहिल्या. केरळमध्ये कन्नूरला २०१८ च्या डिसेंबरात मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, पण परदेशी कंपन्यांना उतरण्यासाठी करारात नाव लागते आणि कन्नूरचे नाव करारात नाही. घरोघरी आखातात माणसे असलेल्या त्या जिल्ह्यात परदेशी विमानाला उतरण्याची मनाई आहे. कन्नूरची माणसे ज्या परवानगीसाठी वर्षानुवर्षे दिल्लीला खेटे घालत आहेत, ती आसियानपुरती का होईना, आपल्याला न मागता मिळालेली आहे.

मग विमान का आले नाही? सरळ उत्तर असे की परवानगी दिल्याने विमान येत नाही, प्रवासी असल्याने येते. तिरुचिरापल्लीच्या आसपासच्या गावांतली तमिळ कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मलाया आणि सिंगापूरशी जोडलेली आहेत. अमृतसरच्या मागे सगळा पंजाब उभा आहे. बोधगया ही बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीची जागा, तिथे येणाऱ्याला दुसरे कारण लागत नाही. अजिंठा-वेरूळला जगभरातून माणसे येतात, पण ती मुंबईला किंवा दिल्लीला उतरून, देशाच्या सहलीतले दोन दिवस म्हणून येतात. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. कारण अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी आपण जपानकडून कर्ज घेतले आणि त्या प्रकल्पातच चिकलठाण्याच्या विमानतळाचे काम झाले. परदेशी पाहुणा थेट यावा म्हणून कर्ज काढले, इमारत उभी केली, करारात नाव घातले. त्यानंतर बँकॉकच्या किंवा सिंगापूरच्या कंपनीच्या दारात जाऊन, पहिल्या दोन वर्षांचा तोटा आम्ही सोसतो, तुम्ही या, असे म्हणायला कोणी गेले नाही. माझ्या भावाची हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची आडत आहे. तो म्हणतो, ताई, ढीग कितीही चांगला असू दे, पहिली बोली लावणारा नसला तर बीट पुढं सरकत नाही.

परदेशी विमानासाठी सीमाशुल्क, पारपत्र तपासणी, सुरक्षा या सोयी मराठवाड्यात नाहीत म्हणून सेवा नाही, असे सांगितले जाते. पण हज यात्रेकरूंची विमाने चिकलठाण्याहून थेट सौदी अरेबियाला गेली आहेत. आमच्या हिंगोलीतली, वसमतची, कळमनुरीची माणसे त्यांतून गेली आहेत. हंगामापुरती का होईना, सगळी व्यवस्था उभी राहू शकते हे आपण पाहिलेले आहे.

हिंगोलीला याचे काय, असे कोणी विचारेल. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुक्यांचा लहान जिल्हा, स्वतःचा विमानतळ नाही, आणि तो व्हावा असा माझा आग्रहही नाही. नांदेड नव्वदेक किलोमीटरवर आहे. दर जिल्ह्याला धावपट्टी ही मागणी निवडणुकीच्या सभेत टाळ्या घेते आणि नंतर त्या धावपट्टीवर गवत वाढते. लातूरकरांनी विमान येताना आणि थांबताना दोन्ही पाहिले आहे. आम्हाला हवा आहे तो नांदेडहून देशात आणि संभाजीनगरहून परदेशात जाणारा, भरवशाचा, वर्षानुवर्षे चालणारा रस्ता.

संत नामदेव हळद मार्केट यार्डात हंगामात उभे राहिले की कळते, हा जिल्हा जगाशी किती बांधलेला आहे. कांडी आणि गट्टूचे ढीग, हातात काडी घेऊन मोडून रंग पाहणारे खरेदीदार, काट्यावर चढणारी पोती. भारताची हळद घेणाऱ्या देशांत बांगलादेश आणि संयुक्त अरब अमिराती मोठे, मलेशियाही आहे. तीन देश, आणि त्यांतले दोन आपल्याच शेजारच्या दोन व्यापार गटांतले: बांगलादेश सार्कमधला, मलेशिया आसियानमधला. मी एकदा उत्साहाने म्हटले की थेट विमान आले तर हळदीला भाव मिळेल. भावाने मला लगेच थांबवले. "ताई, हळद विमानानं जात नसते. ती कंटेनरनं बंदरात आणि तिथून बोटीनं जाते. किलोला विमानाचं भाडं कोण देणार? विमान लागतं ते माणसाला." आणि मग त्याने सांगितले की परदेशातला खरेदीदार हैदराबादला उतरतो आणि निजामाबादचा माल पाहून परत जातो. हिंगोली-वसमत त्याच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमात बसत नाही. राष्ट्रीय हळद मंडळ २०२५ च्या जानेवारीत सुरू झाले, त्याचे मुख्यालयही निजामाबादलाच आहे. आमच्या वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र होत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जिथे खरेदीदार येऊन हातात माल घेतो, तिथेच पुढची पेढी आणि पुढची प्रयोगशाळा उभी राहते. हळदीचा व्यापार हा पाहून, मोडून, वास घेऊन होणारा व्यापार आहे. त्याला माणूस यावा लागतो.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या जगातल्या मोजक्या जागांपैकी एक आमच्या जिल्ह्यात असेल. अमेरिका, युरोप, जपानचे शास्त्रज्ञ इथे वर्षभर येत-जात राहतील. ते हैदराबादला उतरून गाडीने येतील, की मराठवाड्यात उतरतील? यावर हॉटेल, भाड्याच्या गाड्या, दुभाषे, इंग्रजी शाळा असे पुष्कळ काही ठरणार आहे.

आणि घरची गोष्ट. माझी लेक सिंगापूरला असते, जावई तिथल्या बंदराच्या कामात आहेत. तिच्या बाळंतपणाला मी गेले तेव्हा हिंगोलीहून एसटीने नांदेड, नांदेडहून रात्रीच्या गाडीने हैदराबाद, मग शमशाबादच्या विमानतळावर पहाटेपर्यंत बाकावर. विमानाचा प्रवास साडेचार तासांचा आणि जमिनीवरचा त्याच्या दुपटीहून जास्त. डिंकाचे लाडू, बाळंतविड्याची पिशवी आणि गुडघे दुखणारी बाई. माझ्यासारख्या बायका आता मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, कारण मुले आमची बंगळूरपर्यंत थांबली नाहीत. आखातात गवंडीकाम, वाहनचालकाचे काम करणारी मुलेही या भागातून जातात. ती दोन-तीन वर्षांनी सुट्टीला येतात आणि सुट्टीतले दोन दिवस मुंबईच्या रस्त्यातच संपतात. विमान हे श्रीमंतांचे वाहन, त्यासाठी सरकारने पैसा कशाला घालवायचा, असे म्हणणाऱ्यांनी एकदा या मुलांना विचारावे.

आता नांदेडचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे आकाश कसे उघडते आणि कसे मिटते हे तिथे स्पष्ट दिसते. २००८ साली शिखांच्या गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीसाठी विमानतळाचे रूप पालटले. दुसऱ्या वर्षी तो लातूर, बारामती, यवतमाळ, धाराशिवसोबत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने रिलायन्सकडे गेला. पुढे विमाने आली आणि बंद झाली. मग लहान शहरे विमानाने जोडणारी केंद्राची उडान योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी तिचा प्रारंभ केला तेव्हा शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद ही सेवाही सुरू झाली. ट्रूजेट कंपनीने हैदराबाद आणि मुंबई जोडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एअर इंडियाने नांदेड-अमृतसर थेट विमान सुरू केले. या एका सेवेबद्दल मला विशेष सांगावेसे वाटते. आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे गाव. नामदेव पंजाबात गेले, घुमान येथे राहिले, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला झाले. नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे हुजूर साहिब. इतक्या शतकांची ये-जा जिथे आहे तिथे प्रवासी कमी पडणार नाहीत हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. अमृतसरहून पुढे बर्मिंगहॅमचे विमान २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाले तेव्हा इंग्लंडमधल्या शीख कुटुंबांना नांदेडपर्यंत हवाई मार्ग तयार झाला होता.

२०२२ मध्ये ट्रूजेट बंद पडली आणि मुंबई-हैदराबाद तुटले. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने नांदेडहून सेवा सुरू केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये धावपट्टीच्या अवस्थेमुळे सगळीच उड्डाणे थांबवावी लागली. आठ-नऊ वर्षांत इतके चढउतार झाल्यावर कोणता खरेदीदार किंवा कोणता शास्त्रज्ञ तीन महिने आधी नांदेडचे तिकीट काढील?

हे एकट्या नांदेडचे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. त्यांतल्या ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली. आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत ५४ चालू राहिले. पैसा देऊन विमान आणता येते, टिकवता येत नाही, असे म्हणून काही जण योजनाच मोडीत काढतात. माझा निष्कर्ष वेगळा आहे. तीन वर्षांची सवलत लहान मार्गाला अपुरी आहे आणि तो मार्ग पुढे कुठे जातो याचा विचार योजनेत नाही. नांदेड-हैदराबाद हा मार्ग हैदराबादला संपतो असे धरले तर तो तोट्याचाच, कारण ते अंतर रेल्वेने रात्रीत कापता येते. तोच मार्ग हैदराबादहून पुढे सिंगापूर, दुबई, ढाक्याला जोडून, एकाच तिकिटावर, सामान पुन्हा न उचलता दिला तर प्रवासी मिळतात.

देशातला कायदाही मराठवाड्याला आडवा आला आहे. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा टाटांची भागीदारी असलेली निजामाच्या हैदराबाद संस्थानची डेक्कन एअरवेजही इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. आम्ही मराठवाड्याची माणसे त्या संस्थानातली, म्हणून ही आठवण. १९९४ मध्ये तो कायदा गेला, खासगी कंपन्यांना मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी मार्गवाटपाचे नियम झाले. मोठ्या शहरांमधल्या कमाईच्या मार्गांवर जेवढी क्षमता, तिच्या ठरावीक हिश्शाइतकी ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप यांना द्यावी, असा नियम. हे योग्यच झाले. उरलेला सगळा देश तिसऱ्या गटात टाकला आणि तिथे पन्नास टक्के क्षमता देण्याचे बंधन घातले. पण त्या गटात दुसऱ्या फळीतल्या शहरांमधला मार्ग आणि नांदेड-हैदराबाद एकाच मापाने मोजले गेले. कंपनी अर्थातच त्या शहरांमधला मार्ग निवडते आणि नियम पाळला असे दाखवते. मागास भागासाठी केलेल्या नियमाचा फायदा दुसऱ्या क्रमांकाच्या श्रीमंत शहरांना मिळाला. हे तीस वर्षे चालू आहे.

विमान वाहतूक मोकळी झाल्यावर लहान जागांचे भले होते का, या प्रश्नाला युरोपात एक उत्तर आहे आणि ते मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ते नांदेडशी फार मिळतेजुळते आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात नॉक नावाचे खेडे आहे. १८७९ साली तिथे मेरीचे दर्शन झाले अशी श्रद्धा, म्हणून ते यात्रेचे ठिकाण. त्या भागातून पिढ्यान् पिढ्या माणसे इंग्लंडला मजुरीला गेली. तिथले धर्मगुरू जेम्स होरन यांनी विमानतळाचा ध्यास घेतला. धुके आणि दलदलीत विमानतळ कसला, अशी डब्लिनमध्ये टिंगल झाली. सरकार बदलले, निधी थांबला. होरन यांनी सोडती काढल्या, देणग्या गोळा केल्या आणि १९८६ मध्ये विमानतळाचे रीतसर उद्घाटन झाले. नशिबाने त्याच वर्षी आयर्लंड आणि ब्रिटन यांनी आपसातली हवाई बंधने सैल केली. रायनएअर या तेव्हाच्या छोट्या कंपनीने नॉकहून लंडनजवळच्या लुटनला विमान सुरू केले. पुढे १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय समुदायातल्या कोणत्याही कंपनीला समुदायातल्या देशादेशांमध्ये उडता येऊ लागले, १९९७ च्या एप्रिलपासून दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गावरही. आज नॉकचा विमानतळ जिवंत आहे. २०२३ मध्ये तिथे आठ लाखांहून अधिक प्रवासी झाले.

आणि याच्याच जोडीने युरोपाने दुसरे दारही उघडे ठेवले. जिथे बाजार जाणार नाही पण समाजाला विमान हवे, तिथे सरकार निविदा काढून एका कंपनीला चार वर्षांपर्यंत मार्ग देऊ शकते आणि तोटा भरू शकते. आयर्लंडच्याच वायव्य कोपऱ्यातल्या डोनेगलहून डब्लिनचे विमान असे चालते. मोकळीक आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात लिहिल्या गेल्या. आपण मोकळीक दिल्लीत लिहिली, जबाबदारी कोणाच्याच नावावर लिहिली नाही.

आपल्या शेजारच्या गटाचे, सार्कचे, चित्र निराश करणारे आहे. जून २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणात सार्क देशांशी परस्पर तत्त्वावर आकाश मोकळे करण्याचे लिहिले आहे. पण सार्कची शिखर परिषदच २०१४ च्या काठमांडूनंतर झालेली नाही. नेपाळने लुंबिनीजवळ भैरहवा येथे २०२२ मध्ये आणि पोखरा येथे २०२३ मध्ये, एक आशियाई विकास बँकेच्या आणि दुसरा चीनच्या कर्जातून, असे दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू केले. दोन्हीकडे परदेशी विमाने जवळपास नाहीत. भारताच्या हद्दीतून पश्चिमेकडच्या बाजूने नेपाळमध्ये शिरण्याचे मार्ग मिळावेत ही नेपाळची जुनी मागणी आहे आणि ती आपण मान्य केलेली नाही. संरक्षणाची कारणे असतील, ती मी हलकी मानत नाही. पण आपल्यापेक्षा लहान शेजाऱ्याने कर्ज काढून बांधलेला विमानतळ ओस पडलेला पाहताना चिकलठाण्याच्या माणसाला तरी ते दुःख समजायला हवे. लुंबिनी ते अजिंठा असा बौद्ध यात्रेचा मार्ग विमानाने जोडला गेला तर त्याचा लाभ दोन्ही टोकांना आहे.

परदेशी कंपन्यांना दारे उघडली तर आपल्या कंपन्या बुडतील, प्रवासी दुबई-सिंगापूरमार्गे जातील, ही भीती सरकारला आहे. मुंबई-दिल्लीपुरती ती मला पटते. ज्या चिकलठाण्याला आपलीही कंपनी परदेशी विमान चालवत नाही, तिथे थाई किंवा मलेशियन कंपनी आली तर कोणाचे नुकसान? उलट आंध्र प्रदेशचा अनुभव पाहावा. २०१८ च्या डिसेंबरात विजयवाडा-सिंगापूर विमान सुरू झाले ते राज्य सरकारने रिकाम्या जागांचा तोटा भरण्याची हमी दिली म्हणून. चालवली इंडिगोने, भारतीय कंपनीनेच. दुसऱ्या वर्षी राज्यात सरकार बदलले, हमी गेली आणि विमानही गेले. आसामनेही केंद्राच्या आंतरराष्ट्रीय उडान योजनेतून गुवाहाटी ढाका आणि बँकॉकला जोडून पाहिले. म्हणजे रस्ता माहीत आहे. महाराष्ट्राने, देशातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेच्या राज्याने, मराठवाड्यासाठी तो एकदाही चालून पाहिलेला नाही.

माझे म्हणणे राज्य सरकारला आहे, कारण दिल्लीने द्यायचे ते २००३ मध्ये देऊन झाले आहे. संभाजीनगर ते बँकॉक किंवा सिंगापूर या मार्गाची निविदा काढा. सुरुवात नोव्हेंबर ते मार्च एवढीच असू द्या, आठवड्यातून दोन फेऱ्या पुरेत. अजिंठ्याचे पर्यटक येतात तो हा काळ, आणि लग्नसराईसाठी परदेशातली मुले येतात तोही. हमी पाच वर्षांची असावी आणि ती करारात अशी बांधावी की मुख्यमंत्री बदलले तरी मोडता येऊ नये. नांदेडसाठी केंद्राकडे दोन गोष्टी मागा. आसियानशी पुढची बोलणी होतील तेव्हा १८ नावांच्या यादीत एकोणिसावे नाव नांदेडचे असावे. आणि मार्गवाटपाच्या नियमांत तिसऱ्या गटाचे दोन तुकडे करून मागास विभागांतल्या विमानतळांसाठी वेगळा हिस्सा राखून ठेवावा. धावपट्टीची जबाबदारी कोणाची हा वाद एकदाचा मिटवून तिची देखभाल सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक हिशेबासह व्हावी.

आमच्या जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी हिंगोलीत विमानतळाची मागणी करण्याऐवजी या निविदेच्या मसुद्यासाठी बसावे, व्यापाऱ्यांच्या संघटनेने वर्षाला किती तिकिटे आगाऊ घेऊ शकतो ते लिहून द्यावे, औंढ्याच्या वेधशाळेनेही आपला अंदाज द्यावा. पहिली बोली लावायला असे आकडे लागतात. आणि विमानाची वेळ ठरवताना एक अट आमच्या बाजूने घालावी: सुटण्याची वेळ दुपारनंतरची असावी, म्हणजे हिंगोलीहून पहाटे निघणाऱ्या एसटीने जालन्यामार्गे चिकलठाण्याला वेळेत पोहोचता येईल आणि मुक्कामाचा खर्च पडणार नाही.